हात, हेड आणि मस्टरवरचं नाव

मंडळी, फलकावर आजचा विषय लिहिलाय 'कामाच्या जागची नावं'. मी एकतीस वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. हजेरी लावायची, ओव्हरटाइम काढायचा, खाडे मांडायचे आणि पगाराची यादी वेळेत वर पाठवायची. आयुष्यभर माणसांची नावंच लिहिली. म्हणून कुठलं नाव कुठल्या मथळ्याखाली जातं, याबद्दल मला मनापासून बोलायचंय.

आपण लालबागची माणसं. भोंगा, पाळी, साचेखातं हे इथे समजावून सांगायला नको. ज्यांच्या घरात कोणी बदली कामगार होतं, त्यांनी हात वर करा बरं. बघा, किती आहेत! माझे वडील नऊ वर्षं बदली होते. डबा घेऊन पहाटे निघायचे, गिरणीच्या गेटवर उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी खाडा केला तर मुकादम आत घेणार, नाहीतर भरलेला डबा तसाच घरी. आठच्या आत जिन्यावर पावलं वाजली की आई मुकाट्याने चहाचं आधण ठेवायची. काही विचारायची नाही. 'कायम झाले' हा शब्द आमच्या चाळीत पेढ्यांबरोबर यायचा. वडिलांना दोन साचे, म्हणजे माग, एकट्याने सांभाळता यायचे, पण त्यांचं नाव त्यांच्या कामावरून नव्हतं, न आलेल्या दुसऱ्या माणसावरून होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते कायम होते. त्याबद्दल बोलायला लागलो तर आजची सभा पुरणार नाही.

त्याच्याही आधीचा शब्द आहे 'हँड'. गिरणीमालकांच्या इंग्रजीत कामगार म्हणजे हात. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, ५,५०० सह्यांचा अर्ज केला. त्यांच्या संघटनेचं इंग्रजी नाव होतं 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती या माणसामुळे. पुढे १९२८ साली नवी संघटना उभी राहिली, तिने स्वतःचं नाव ठेवलं 'गिरणी कामगार युनियन'. हात जाऊन कामगार यायला कितीतरी वर्षं लागली. मला ही मोठी गोष्ट वाटते. इथे टाळ्या वाजवल्यात तरी चालेल.

आता मी ज्याच्यासाठी आलो ती हकिकत. १९८८ चा पावसाळा. आमच्याकडे कायम माणसांचं एक मस्टर, म्हणजे हजेरीचं पुस्तक, टेम्पररींचं दुसरं. ठेकेदाराच्या माणसांना मस्टरच नव्हतं. गेटवर वॉचमनकडे एक लांबट रजिस्टर असायचं. आत आलेला माल, बाहेर गेलेला माल, टेम्पोचे नंबर, सगळं त्यात. ठेकेदाराची माणसं आत आली की त्यातच एक ओळ पडायची: 'लेबर, ८ हेड'. संध्याकाळी बाहेर पडताना मोजायचे आणि समोर बरोबरची खूण करायचे. आठ आत, आठ बाहेर.

त्या दिवशी दुपारी प्रेस शॉपमध्ये आरडाओरडा झाला. पॉवर प्रेसखाली एका मुलाची दोन बोटं गेली. वीस-एकवीस वर्षांचा असेल. त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात पाठवलं आणि मी अपघाताचा फॉर्म काढला. पहिला रकाना: नाव. दुसरा: विमा क्रमांक. माझं पेन तिथेच थांबलं. सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला, ठेकेदाराचा आहे. ठेकेदाराला फोन लावला, तो म्हणाला, 'माझी आठ माणसं पूर्ण आहेत, हा नेहमीचा नाही, कोणाच्या तरी बदल्यात आला असेल.' बदल्यात! फोन हातात धरून मला वडील आठवले.

शेवटी कॅन्टीनमध्ये गेलो. चहावाल्या पोऱ्याने सांगितलं, 'तो होय, बबन. बिनसाखरेचा पितो.' म्हणजे त्या अख्ख्या कारखान्यात त्याचं नाव एका चहा देणाऱ्या मुलाला माहीत होतं. आडनाव त्यालाही नव्हतं माहीत. ते मी संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बबनलाच विचारलं. तो हाताला बँडेज गुंडाळून बसला होता. मी लिहितोय हे बघून म्हणाला, 'साहेब, माझं नाव लिहिलं तर उद्या घेतील ना कामावर?'

दुसऱ्या दिवशी मला वर बोलावलं. 'आपला माणूस नाही, आपल्या फॉर्मवर त्याचं नाव कशाला?' कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. त्यात मुख्य मालक आणि ठेकेदार दोघांचीही व्याख्या होती, आणि ठेकेदाराच्या माणसाच्या विम्याच्या वर्गणीची जबाबदारीही मुख्य मालकावर होती. मी कायद्याचं पुस्तक घेऊन उभा राहिलो. बोलणी खाल्ली, पण फॉर्म गेला. त्याला पैसे मिळायला दीड वर्ष लागलं. त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत मी सकाळी गेटवर जायचो आणि 'हेड' या शब्दापुढे पेन्सिलीने नावं लिहायचो. वॉचमनही नंतर स्वतःच विचारायला लागला.

पुढे २००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा कायम माणसांना पत्रं गेली. पाकिटं मीच भरली. मायना होता 'परिवारातील प्रिय सदस्य'. आतल्या फाइलवर विषय होता 'हेडकाउंट कमी करणे'. गेटवरचा शब्द जिना चढून वर आला होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. मूळ मुद्दा तर अजून मांडलाच नाही, तेव्हा भरभर सांगतो.

मुद्दा असा. माणसाला काय म्हणतात ते ऐकलंत की त्या शब्दाशेजारी पैशाचा कुठला शब्द बसलाय ते बघा. कामगाराशेजारी पगार असतो. सेविकेशेजारी मानधन. प्रशिक्षणार्थीशेजारी विद्यावेतन. पगाराच्या मागे फंड येतो, रजा येते, ग्रॅच्युइटी येते. मानधनाच्या मागे काही येत नाही. अंगणवाडी योजना १९७५ ची. वजनं घ्यायची, आहार वाटायचा, रजिस्टरं भरायची, आणि म्हणायचं सेविका. या बायकांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २५ एप्रिल २०२२ रोजी सांगावं लागलं. आपल्या राज्यात २००० सालापासून शाळेतला नवा शिक्षक पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' असतो. प्राथमिकला मानधन सुरुवातीला ३,००० रुपये होतं, २०२३ मध्ये १६,००० झालं. वर्गात तो पूर्ण शिक्षकच असतो, पोरं त्याला सरच म्हणतात.

उलटी उदाहरणंही आहेत. डोक्यावर ओझं वाहणारे स्वतःला माथाडी म्हणत. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा कायदा झाला तेव्हा तोच शब्द कायद्याच्या नावात गेला. मालकाने डोकी मोजली तर हेड, त्यांनी स्वतः माथा सांगितला तर कायदा! मोलकरणीचं २००८ च्या कायद्यात 'घरेलू कामगार' झालं. आमच्या शेजारच्या मावशी त्या कायद्याने आलेल्या कल्याण मंडळाचं ओळखपत्र देवघराशेजारी खिळ्याला लावून ठेवतात.

आणि आता 'पार्टनर'. घरी जेवण आणून देणारा पार्टनर, गाडी चालवणारा पार्टनर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदा 'गिग कामगार' ही व्याख्या आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. गिग म्हणजे वादकांच्या बोलीत एका कार्यक्रमाचं काम. आपल्याकडे कलावंत सुपारी म्हणतात तसं. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे, असं त्यात आहे. पण व्याख्याच सांगते की हे नातं नेहमीच्या मालक-नोकराच्या नात्याबाहेरचं. नावात कामगार आला, नातं मात्र बाहेर राहिलं. मला यात काळजी वाटते.

दोन मिनिटं अजून. मागच्या महिन्यात आमच्या मजल्यावर डबा घेऊन एक मुलगा आला, गुडघा फुटलेला. पुलावर स्कूटर घसरली होती. बसवलं, पाणी दिलं. विचारलं, कंपनीला कळवलंस का? म्हणाला, 'काका, मी पार्टनर आहे, मला हजेरीच नसते.' मी म्हटलं, फोन दाखव. त्यात होतं: लॉग-इन, नऊ तास चाळीस मिनिटं. खाली ऑर्डरी, प्रत्येकीची वेळ, मिनिटासकट. आत किती वाजता आला, बाहेर किती वाजता गेला. एकतीस वर्षं मी दुसरं काय लिहीत होतो? त्याला म्हटलं, अरे, हे मस्टरच आहे. रोज रात्री याचा फोटो काढून ठेवत जा, तारीख दिसली पाहिजे. आणि आधी तुझं नाव सांग, आडनावासकट.