रात्रपाळीला पाठ टेकायला जागा

अध्यक्ष महोदय आणि जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी परिचारिका म्हणून नोकरीला लागले आणि अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. आज मी बोलणार आहे ते एका खोलीबद्दल. रात्रपाळीला काम करणाऱ्यांनी घटकाभर आडवं व्हायची ती खोली, रुग्णालयाच्या नकाशात तिला ड्युटी रूम म्हणतात.

नकाशात ती असतेच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात काय काय हवं याची यादी ठरलेली असते, आणि तिच्यात निवासी डॉक्टरांची, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांची, ड्युटी रूम फार पूर्वीपासून आहे. इमारत उभी राहते, उद्घाटन होतं, दारावर पाटी लागते. मग एखाद्या पावसाळ्यात स्टोअरमध्ये ओल येते आणि सलाइनचे खोके ‘चार दिवसांसाठी’ त्या खोलीत येऊन बसतात. त्यांच्यामागून चाक निघालेली व्हीलचेअर, जुने केसपेपर, कुणीतरी दान केलेला आणि कधीच न लागलेला टीव्ही. कॉट भिंतीला उभी केली जाते. हे कुणी वाईट हेतूने करत नाही. जागेची चणचण खरीच असते. पण ज्याची जागा गेली, त्याला तक्रार करायला सवड नसते. पहाटे तीनला ऑफिस बंद, आणि ऑफिस उघडतं तेव्हा त्याचा राउंड चालू असतो.

मग ही माणसं अंग टाकतात कुठे? निवासी डॉक्टर रिकाम्या ट्रॉलीवर झोपतो, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर झोपतो. टेबलावर डोकं ठेवून बसल्या बसल्या डोळा लागतो आणि गालावर केसपेपरच्या क्लिपचा वळ उमटतो. वॉर्डात एखादी कॉट रिकामी असली, तर त्याच गादीवर तो आडवा होतो. दुपारी त्या गादीवर कोण होतं, कोणता जंतुसंसर्ग घेऊन होतं, हे त्यालाच सगळ्यांत चांगलं ठाऊक असतं, तरी होतो. सिस्टरांना तर आडवं व्हायची पद्धतच नाही. रात्रपाळीत दोघी असतील तर एकीने लिनन रूममध्ये जाऊन अर्धा तास खुर्चीवर पाय वर घ्यायचे, दुसरीने वॉर्ड बघायचा, एवढीच सोय. एकटी असेल तर तेही नाही.

आणि मावशी? वॉर्डातल्या मावशी लिननच्या कपाटामागे, गादीवरून उतरवलेलं रेक्झिन जमिनीवर पसरतात आणि पर्स उशाला घेतात. बेडपॅनसाठी हाक आली की उठतात, परत येतात. आपण हा विषय काढला की डॉक्टरांबद्दल बोलतो, फार तर सिस्टरांबद्दल. मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार, रक्तपेढीतला तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचा चालक यांच्यासाठी तर नकाशातही खोली नसते.

निवासी डॉक्टरांच्या कामाची रीत थोडी सांगते, कारण बाहेरच्यांना ती माहीत नसते. प्रत्येक युनिटचा, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरांच्या हाताखालच्या तुकडीचा, आठवड्यातून ठरलेला इमर्जन्सी डे असतो. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत येणारा प्रत्येक तातडीचा पेशंट त्या युनिटचा. रात्र संपली म्हणून ड्युटी संपत नाही. दुसऱ्या दिवशीचा राउंड असतो, ओपीडी किंवा शस्त्रक्रियांची यादी असते. अशी सलग छत्तीस तासांची पाळी होते. नियम असा नाही, बरं का. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणपणे बारा तासांच्या वर नको, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर नको, असं स्वच्छ लिहिलं आहे. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमावलीत मात्र आकडा नाही. तिथे शब्द आहे ‘वाजवी’. वाजवी तास, वाजवी विश्रांती. वाजवी म्हणजे किती, हे ठरवणारा वरिष्ठ स्वतः तसाच जागून मोठा झालेला असतो. ‘आम्ही नाही केलं?’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याची मला चीड येते.

जागरणाने माणसाचं काय होतं, ते मोजून झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये छापलेल्या प्रयोगात त्याच माणसांना एकदा जागं ठेवलं, एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळा त्यांच्या हाता-डोळ्यांची चाचणी घेतली. सतरा तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका ढिला पडला. चोवीस तासांनी तो ०.१० टक्क्याच्या जवळ गेला. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत पोलीस तुमची स्कूटर जप्त करतील, त्याहून वाईट अवस्थेत एखादी मुलगी तुमच्या आईच्या मानेतल्या शिरेत नळी घालत असते. बॉस्टनमध्ये अतिदक्षता विभागातल्या इंटर्न डॉक्टरांच्या पाळ्या छोट्या करून पाहिल्या. त्याचा निष्कर्ष २००४ साली छापून आला: जुन्या, चोवीस तासांहून लांबणाऱ्या पाळ्यांत गंभीर चुका छत्तीस टक्क्यांनी जास्त होत होत्या. शिकलेली, हुशार, मनापासून काम करणारी मुलं होती ती.

म्हणून माझं म्हणणं असं की ड्युटी रूम ही कर्मचाऱ्यांवर केलेली मेहेरबानी समजू नका. ती उपचाराच्या सामानात मोजा. ऑक्सिजनची लाइन जशी तपासता, तशी ती तपासा.

हे आपल्या देशाला जमत नाही असं कुणी म्हणू नये. रेल्वेला जमलं आहे. इगतपुरीला, भुसावळला लोको पायलटांसाठी रनिंग रूम आहेत. गाडी घेऊन आलेल्या माणसाला तिथे अंथरूण मिळतं, जेवण मिळतं, वेळेवर उठवायला माणूस असतो, आणि किती तास विश्रांती झाल्याशिवाय त्याला पुढची गाडी देता येत नाही, याचे नियम आहेत. त्याच्या हातात प्रवाशांचे जीव आहेत हे रेल्वेने मान्य केलं. कारखान्यांचंही तेच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं ४७ वं कलम काढून वाचा. दीडशेहून जास्त कामगार असतील तर विश्रांतीची खोली द्यावी लागे, ती उजेडाची, हवेशीर, थंड आणि स्वच्छ ठेवावी लागे. रुग्णालय कारखाना नाही, म्हणून तिथल्या हजार माणसांना हे लागू नव्हतं.

आता जे बोलणार आहे ते जड आहे. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत होत्या, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं, शेवटपर्यंत, त्या अंथरुणावर होत्या. केईएमच्या सिस्टरांनी त्यांना कसं सांभाळलं हे महाराष्ट्राला माहीत आहे, आणि परिचारिका म्हणून त्याचा मला फार अभिमान आहे. पण परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात का जावं लागतं, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता तेवढ्या जोरात विचारला गेला नाही. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात छत्तीस तासांच्या ड्युटीवरची तरुण डॉक्टर रात्री विसावा घ्यायला गेली, ती सेमिनार रूममध्ये. तिथेच तिचा घात झाला. २० ऑगस्टच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अरुणाताईंचं नाव घेतलं आणि लिहिलं की रात्रपाळीच्या लोकांना पुरेशी विश्रांतीची जागा नाही, ड्युटी रूम मोजक्या आहेत, बायका-पुरुषांसाठी वेगळ्या तर बहुतेक ठिकाणी नाहीतच. खोलीत हवा खेळती हवी, पुरेशा कॉट हव्यात, पिण्याचं पाणी हवं, कुणीही आत शिरू शकणार नाही अशी व्यवस्था हवी, याचाही उल्लेख त्यात आहे.

त्यात माझ्या अनुभवाची भर घालते. खोली वॉर्डपासून दोन मिनिटांच्या अंतरावर हवी. चौथ्या मजल्यावरच्या एसी खोलीचा उपयोग नाही, कारण तिथे कुणी जातच नाही. कडी आतून लागली पाहिजे आणि संडास-बाथरूम लागून हवं. मासिक पाळीच्या दिवसांत रात्री दीड वाजता अंधाऱ्या कॉरिडॉरच्या टोकाला जावं लागणं म्हणजे काय, ते इथल्या बायकांना सांगायला नको. चादरी रोज बदलायच्या, आणि कुणी बदलायच्या त्याचं नाव ड्युटी लिस्टवर हवं. फोन सगळ्यांच्या खिशात असतो, तरी भिंतीवर इंटरकॉम हवा, म्हणजे वॉर्डाकडून आलेलीच घंटा वाजेल. किल्ली त्या पाळीच्या प्रमुख सिस्टरकडे. स्टोअरकडे किल्ली गेली की खोली गेली!

झोपेतून उठवायचीही रीत असते. वीस-तीस मिनिटांची डुलकी काढलेला माणूस चटकन सावध होतो. गाढ झोपेतून ओढून काढलेल्याचं डोकं पहिली काही मिनिटं जाग्यावर नसतं. अशा वेळी मी नव्या सिस्टरांना सांगायचे, जीव वाचवायची घाई नसेल तर त्याला आधी तोंड धुऊ द्या, मग ऑर्डर विचारा, आणि इंजेक्शनचा डोस त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या.

कुणी म्हणेल, झोपायला खोली दिली तर हे लोक झोपूनच राहतील, पगार कशाचा? २००३ मध्ये युरोपच्या न्यायालयाने जर्मनीतल्या कील शहरातल्या एका डॉक्टरच्या खटल्याचा निकाल दिला. त्याला रुग्णालयात कॉट दिली होती, काम नसेल तेव्हा झोपायची मुभा होती. न्यायालयाने सांगितलं, तो रुग्णालयात हजर आहे, हाक आली की उठणार आहे, तेव्हा झोपेचा वेळही कामाचाच वेळ. आणि एक धोका लक्षात ठेवा. कॉट दिली म्हणून छत्तीस तासांची पाळी चालवायला मोकळे, असा अर्थ कुणी काढला, तर तो आपण हाणून पाडला पाहिजे. तास कमी करायचेच आहेत, खोली त्यासोबत हवी.

इथे रुग्णालयांचे विश्वस्त बसले आहेत, देणगीदार बसले आहेत. डायलिसिसच्या मशीनवर आपल्या आईवडिलांचं नाव लागावं असं आपल्याला वाटतं, आणि ते चांगलंच आहे. एखाद्या वर्षी त्या नावाने चार कॉट, दोन पंखे, मजबूत कडी आणि धुलाईचा वर्षाचा खर्च द्या. सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यावरच्या सदस्याला तुम्ही ओळखत असाल, तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारायला सांगा की ड्युटी रूम उघडून दाखवा. मावशींची खोली कुठे आहे, तेही त्याच बैठकीत विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.