असगर अली इंजिनिअर : जमातीतल्या वादातून घडलेला संवादक

(सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आंतरधर्मीय संवाद म्हटले की एक ठरावीक देखावा डोळ्यांसमोर येतो : व्यासपीठावर चार धर्मांचे चार प्रतिनिधी, प्रत्येकाच्या गळ्यात हार आणि ‘सर्व धर्म प्रेमच शिकवतात’ या वाक्याला टाळ्या. इस्लामचे अभ्यासक आणि बोहरा सुधारक असगर अली इंजिनिअर यांच्याही वाट्याला अशी व्यासपीठे पुष्कळ आली. परंतु दुसऱ्या धर्माच्या माणसाशी बोलण्याचा अधिकार त्यांनी आधी स्वतःच्या जमातीशी भांडून आणि मग दंगलींची कारणे खणून मिळवला, असे माझे म्हणणे आहे.

त्यांचा जन्म १९३९ साली राजस्थानातल्या सलुंबर येथे झाला. वडील शेख कुर्बान हुसेन हे दाऊदी बोहरा या शिया मुस्लिम जमातीचे आमिल, म्हणजे स्थानिक धर्माधिकारी होते. (या नावाने सोलापूरकरांना आपल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन आठवतील, अर्थात हे केवळ नामसाधर्म्य.) अरबी भाषा, तफसीर (कुराणाचे भाष्य), हदीस (पैगंबरांची वचने व आचरण), फिकह (धर्मशास्त्रीय कायदा) हे सारे शिक्षण त्यांना वडिलांकडून मिळाले. पुढे उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यांनी मुंबई महापालिकेत अनेक वर्षे नोकरी केली.

बोहरा जमातीत धर्मगुरूंशी निष्ठेची शपथ, म्हणजे मिसाक, घ्यावी लागते आणि निकाहापासून दफनापर्यंत त्यांची रजा, म्हणजे परवानगी, लागते. त्यांची अवज्ञा केली तर होणाऱ्या बहिष्काराला बरात म्हणतात. जातपंचायतीने वाळीत टाकणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, पण धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ साली रद्द ठरवला, त्यामुळे सुधारकांना लोकमताखेरीज आधार उरला नाही. १९७७ साली उदयपूरला सुधारकांची परिषद भरली आणि इंजिनिअर तिचे सरचिटणीस झाले. त्याची किंमत त्यांनी पुढे आयुष्यभर मोजली. बहिष्कार आला, हल्ले झाले आणि २००० साली मुंबईतील त्यांच्या घराची व कार्यालयाची मोडतोड झाली.

दुसरी शाळा दंगलींची. विद्यार्थिदशेत १९६१ च्या जबलपूर दंगलीने ते हादरले होते. पुढे अनेक शहरांतल्या दंगलींचा त्यांनी अभ्यास केला, त्यांतली १९८४ ची भिवंडी आपल्याला जवळून कळण्यासारखी आहे. आपल्या सोलापूरप्रमाणे तिथेही यंत्रमाग आहेत, तिथेही तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आहेत आणि मोमीन, म्हणजे मुस्लिम विणकरही आहेत. माग कोणाचा, सूत उधारीवर कोण देतो, तयार कापड कोण उचलतो, या व्यवहारात हिंदू-मुसलमान एकमेकांत इतके गुंतलेले असतात की माग जळाला तर मालकाबरोबर कामगाराचीही चूल विझते. असे असताना दंगल होते कशी? इंजिनिअर यांचे उत्तर असे, की तिचे मूळ धर्मग्रंथात सापडत नाही. स्थानिक राजकारण आणि आर्थिक स्पर्धा यांत ते असते आणि धर्म हे हत्यार म्हणून वापरले जाते.

कुराणाच्या वाचनातही त्यांची हीच चिकित्सक वृत्ती दिसते. सर्व काळांसाठी असलेली मूल्ये आणि सातव्या शतकातील अरबस्तानाच्या परिस्थितीला उद्देशून आलेल्या आज्ञा यांत ते भेद करत. १९८५ साली घटस्फोटित शाहबानोंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी मान्य करताना कुराणाच्या सूरह बकरा या अध्यायातील २४१ व्या आयतीचा, म्हणजे वचनाचा, आधार घेतला, तेव्हा देशभर निदर्शने होत असतानाही ते त्या निकालाच्या बाजूने उभे राहिले. इथे हमीद दलवाईंची आठवण अपरिहार्य आहे. दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले ते फुल्यांचा वारसा सांगत, धर्मग्रंथाच्या चौकटीबाहेर उभे राहून; इंजिनिअर यांनी आयत उघडून तिच्यातूनच तलाकपीडितेचा हक्क मांडला. मला स्वतःला दलवाईंची मांडणी अधिक निर्भय वाटते. पण मोहल्ल्यातल्या श्रद्धाळू बाईच्या हातात वापरता येईल असा युक्तिवाद इंजिनिअर यांनी दिला, हेही मान्य केले पाहिजे.

१९८० साली त्यांनी मुंबईत इस्लामी अभ्यासाची संस्था आणि बाबरी मशिदीनंतरच्या दंगली होऊन गेल्यावर, १९९३ साली, समाज व धर्मनिरपेक्षता यांच्या अभ्यासाचे केंद्र उभारले. २००४ साली स्वामी अग्निवेश यांच्याबरोबर त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. १४ मे २०१३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. संवाद करणाऱ्याने आपल्या परंपरेत पाय घट्ट रोवलेले असावेत, पण ती श्रेष्ठ आहे हा दावा घेऊन येऊ नये, असे ते सांगत.

आता एक शंका उरते. दंगल धर्मामुळे होत नसेल, तर धर्मांच्या संवादाने ती थांबेल कशी? त्यांच्या ग्रंथांत याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. त्यांच्या कामात मात्र सापडते. त्यांच्या केंद्राच्या कार्यशाळा धर्मगुरूंपुरत्या नव्हत्या. अफवा उठल्यावर पहिल्या तासात काय करायचे हे ज्यांच्या हाती असते ते पोलीस, वर्गात इतिहास शिकवणारे शिक्षक आणि मिरवणुकीत पुढे असणारी तरुण मुले, यांना त्यांनी समोर बसवले.