वारा अडला की: हेअर ड्रायरमधील तापमान-नियंत्रण

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालतो आणि चादरी-टॉवेलांच्या सुताचा बारीक तंतू हवेत तरंगत राहतो. हाच तंतू हेअर ड्रायरच्या मागच्या जाळीवर हळूहळू थर धरतो. त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतो.

ड्रायर उघडल्यावर अभ्रकाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेली, हवा तापवणारी तार दिसते. ती नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची असते. तापल्यावर तिचा रोध फारसा वाढत नाही. त्यामुळे ती लालबुंद झाली तरी जवळजवळ तेवढीच वीज घेत राहते आणि उष्णताही तेवढीच निर्माण करते. ती उष्णता बाहेर नेण्याचे काम पंख्याचे. जो वारा केस वाळवतो, तोच तारेलाही आटोक्यात ठेवतो. जाळी तुंबली, पंखा मंदावला किंवा चालू ड्रायरचे तोंड उशीला टेकले, की उष्णता आतच साचते आणि प्लास्टिकचे आवरण मऊ पडू लागते.

यासाठी तारेजवळच थर्मोस्टॅट बसवलेला असतो. कमी-अधिक प्रसरण पावणारे दोन धातू जोडून केलेली त्याची पट्टी ठरावीक तापमानाला वाकते आणि वीज तुटते. पट्टी निवली की वीज पुन्हा सुरू होते. मे महिन्यात सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा आत ओढली जाणारी हवाच तापलेली असते आणि ही वेळ लवकर येते. मध्येच बंद पडलेला ड्रायर आपोआप चालू झाला, म्हणजे दोष संपला असे समजू नये.

थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू कधी चिकटूनही बसतात. तेव्हा उरतो तो थर्मल फ्यूज. त्याच्या एका प्रकारात विशिष्ट तापमानाला वितळणारी गोळी असते. ती वितळताच स्प्रिंग सुटते आणि वीज कायमची तुटते. काही दुकानांत असा उडालेला फ्यूज काढून जोडणी सरळ ‘डायरेक्ट’ करून दिली जाते. ग्राहक खूश होतो, कारण ड्रायर लगेच चालतो. पण आता तो थांबवणारे आत काहीच नसते. खरी दुरुस्ती त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज लावण्याची. त्याची टोके धातूच्या छोट्या नळीत दाबून जोडावीत, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेने नवा फ्यूज जागच्या जागीच उडू शकतो.