एका ऑक्सिजनचा फरक

[दृश्य : बर्फात रुतवलेल्या छोट्या नळ्या, हातमोजे घातलेले हात]

या नळ्यांमध्ये आरएनए आहे, पेशीत डीएनएमधला निरोप वाहून नेण्यासारखी कामं करणारा, डीएनएसारखाच साखळीचा रेणू. हातमोजे आहेत ते त्याच्याच रक्षणासाठी. आपल्या त्वचेवर आरएनए तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कायम असतात. उघडं बोट लागलं, की दिवसभराचं काम वाया. त्यातली काही विकरं इतकी चिवट, की पाणी उकळलं तरी पुन्हा कामाला लागतात.

शेजारच्या स्टँडमधल्या नळीत डीएनए आहे. बर्फ नाही, घाई नाही. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या डीएनएचे तुकडे मिळाले, ते २०२२ साली वाचूनही झाले. जिवाणूच्या पेशीतला निरोप वाहणारा आरएनए मात्र बहुधा काही मिनिटांतच संपतो.

एवढा फरक कशामुळे?

[दृश्य : मण्यांची प्रतिकृती, जवळून]

ही रायबोज. पाच कार्बनची साखर. आरएनएच्या साखळीत एक साखर, एक फॉस्फेट, पुन्हा साखर, असा कणा असतो. आता दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनकडे बघा. त्याला लाल मणी लावलाय, तो ऑक्सिजन, आणि त्याच्या टोकाला पांढरा हायड्रोजन. लाल मणी काढला. पांढरा थेट कार्बनला जोडला. झाली डीऑक्सिरायबोज, म्हणजे डीएनएची साखर. ‘डीऑक्सि’ म्हणजे ऑक्सिजन काढलेली. नावातच सगळं आलं. फीबस लेव्हीन यांनी रायबोज ओळखली १९०९ साली, आणि डीऑक्सिरायबोज ओळखायला १९२९ उजाडलं. एका अणूचा हा फरक हाती यायला वीस वर्षं गेली.

हा लाल मणी शेजारच्या फॉस्फेटच्या अगदी जवळ बसतो. संधी मिळाली की तो त्या फॉस्फेटवरच हल्ला करतो, आणि साखळी तिथे तुटते. अल्कधर्मी द्रावणात तर फारच लवकर. डीएनएकडे हा मणीच नाही, म्हणून तो टिकतो.

दुसरा फरक अक्षरांचा, म्हणजे कण्यातल्या प्रत्येक साखरेला जोडलेल्या, ज्यांच्या क्रमात माहिती असते त्या घटकांचा. ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन दोघांकडे आहेत. चौथं अक्षर डीएनएत थायमिन, आरएनएत युरॅसिल. सायटोसिन बिघडून त्याचं युरॅसिल होणं पेशीत रोज घडतं. डीएनएत युरॅसिल दिसलं, की दुरुस्ती करणाऱ्या विकरांना चूक कळते. मूळ अक्षरच युरॅसिल असतं, तर खरं कुठलं आणि बिघडलेलं कुठलं, हे ओळखणार कसं?

[दृश्य : कागदाची लांब पट्टी, तिच्यावर अक्षरं, दोन हात तिला दुमडतात]

पुस्तकांत आरएनए बहुतेक वेळा असा काढलेला असतो : एक सुटा धागा, डीएनएच्या शिडीचा अर्धा भाग. या चित्राने आरएनएवर फार अन्याय केलाय. पट्टी दुमडा. इथलं ग्वानिन तिथल्या सायटोसिनसमोर आलं, ॲडेनिन युरॅसिलसमोर. जोड्या जमल्या. मधला भाग मोकळा राहिला, त्याचा वळसा झाला. केसाच्या पिनेसारखा आकार तयार झाला. ग्वानिन आणि युरॅसिलचीही जोडी जमते, जरा तिरकी, पण जमते. जिथे दोन पदर जुळतात तिथे पीळ पडतो, पण डीएनएहून वेगळा : जाडसर, आखूड, एका फेऱ्यात सुमारे ११ जोड्या. लाल मण्याला जागा हवी असते, म्हणून साखर वेगळी वाकते.

[दृश्य : संशोधकांचं जुनं छायाचित्र]

रॉबर्ट हॉली यांच्या गटाने सुमारे १४० किलो यीस्ट घेतलं आणि त्यातून जेमतेम १ ग्रॅम आरएनए शुद्ध करून काढला. ॲलॅनिन हे ॲमिनो आम्ल वाहून नेणारा ट्रान्सफर आरएनए. त्यासाठी तीन वर्षं लागली. मग एकेक तुकडा तोडून ७७ अक्षरांचा क्रम लावला. तो छापून आला १९६५ साली. कागदावर जोड्या जुळवल्या तर तीन पाकळ्यांच्या पानासारखा आकार दिसला.

[दृश्य : फिरणारी त्रिमितीय प्रतिकृती]

प्रत्यक्षातला ट्रान्सफर आरएनए असा असतो. काटकोनात वळलेला. एका टोकाला ॲमिनो आम्ल, दुसऱ्या टोकाला निरोप वाचणारी तीन अक्षरं, मध्ये सुमारे ७ नॅनोमीटर अंतर. साखळी तोडणारा तो लाल मणीच अशा घड्या एकमेकींना धरून ठेवायलाही हातभार लावतो.

घडी पडली की पोकळी तयार होते, आणि पोकळी असली की रासायनिक काम करता येतं. १९८२ साली थॉमस चेक यांच्या गटाने टेट्राहायमिना या एकपेशीय जिवात प्रथिनाशिवाय स्वतःला कापून जोडणारा आरएनए दाखवला. १९८९ चं नोबेल त्यांना आणि सिडनी ऑल्टमन यांना मिळालं. २००० साली रायबोझोमची, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची, रचना उलगडली, तेव्हा ॲमिनो आम्लं जिथे जोडली जातात त्या जागी आरएनएच होता.

एमआरएनए, म्हणजे निरोप वाहणाऱ्या आरएनएच्या, लशी इतक्या थंडीत जपाव्या लागल्या, त्यामागेही बऱ्याच अंशी हाच ऑक्सिजन.

[दृश्य : अंधार, अतिनील दिव्याखाली जेल]

सकाळी बर्फात ठेवलेला नमुना आता जेलमध्ये आहे, म्हणजे आरएनएचे रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलीसारख्या थरात. दोन नारिंगी पट्टे दिसतायत, दोन्ही रायबोझोमच्या आरएनएचे. आरएनए तुटला असता, तर वरपासून खालपर्यंत धुरकट फराटा पडला असता.

पट्टे स्वच्छ आहेत.