ग्रंथपालांना पैसे मागायला कोण शिकवणार?

नमस्कार मंडळी! आज बोलूया अमेरिकेतल्या एचबीसीयूंच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेल्या कॉलेजांच्या, ग्रंथपालांना फंडरेझिंगचं, म्हणजे देणग्या मागायचं, ट्रेनिंग द्यायच्या विषयावर. त्यासाठी थेट अशाच एका संस्थेत जाऊया, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगीला, साल 1900. तिथे बुकर टी. वॉशिंग्टन यांची कृष्णवर्णीय मुलांसाठीची शाळा चालू होती, आणि शाळेकडे लोकांनी भेट दिलेली 12,000च्या वर पुस्तकं-मासिकं होती, पण ठेवायला धड जागा नाही, बसून वाचायला खोली नाही. मग वॉशिंग्टन पोलादवाल्या अँड्र्यू कार्नेगींना घरी जाऊन भेटले आणि मग डिसेंबरमध्ये त्यांना पत्र लिहिलं.

आता ते पत्र बघा कसं आहे. 1,100 विद्यार्थी, 86 शिक्षक आणि कर्मचारी, त्यांची कुटुंबं, शाळेच्या आसपास राहणारी आणखी दोनेकशे माणसं, हे सगळे लायब्ररी वापरतील. इमारतीला 20,000 डॉलर लागतील. विटा पाडायच्या, गवंडीकाम, सुतारकाम, लोहारकाम, सगळं आमची मुलंच करणार, त्यातून ती काम शिकणार आणि मजुरीच्या पैशातून त्यांचं शिक्षणही चालणार! कार्नेगींनी पैसे दिले. आणि हो, दहा वर्षांपूर्वी वॉशिंग्टन त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी शाळेत फारसा रसच दाखवला नव्हता. म्हणजे मधली दहा वर्षं वॉशिंग्टननी नाद सोडला नाही. माझ्या मते फंडरेझिंगच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी हे पत्र वाचून दाखवायला हवं.

आता एचबीसीयू (हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज) म्हणजे नेमकं काय ते पटकन सांगतो. 1964च्या आधी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी सुरू झालेली कॉलेजं आणि विद्यापीठं, आज अशी साधारण शंभर आहेत. पैशाची ओढाताण पहिल्यापासून, आणि ती काही आपोआप झालेली नाही. 2023 मध्ये अमेरिकन सरकारने 16 राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून सांगितलं की तुमच्याकडच्या अशा लँड-ग्रँट (म्हणजे केंद्र सरकारच्या एका जुन्या कायद्याखाली मदत मिळणाऱ्या) विद्यापीठांना तीसेक वर्षांत मिळून 12 अब्ज डॉलरहून जास्त पैसे कमी मिळालेत.

त्यात लायब्ररीची अडचण वेगळीच. इंजिनियरिंगचे माजी विद्यार्थी असतात, फुटबॉल टीमचे असतात, पण लायब्ररीचा माजी विद्यार्थी असा कोणी नसतोच, खरं तर सगळेच तिथे बसून शिकलेले असतात पण देणगीदारांच्या यादीत लायब्ररीच्या नावापुढे कोणीच नाही. आणि ग्रंथपालाला कॅटलॉगिंग शिकवतात, पैसे कसे मागायचे ते सहसा कोणी शिकवत नाही. म्हणून हे फंडरेझिंगचं ट्रेनिंग लागतं.

एक अगदी साधी गोष्ट घ्या. एक आजी येतात, मिस्टरांच्या पत्रांची आणि फोटोंची खोकी लायब्ररीला देतात. ग्रंथपालाला आनंद होतो, तो थँक्यू म्हणतो, खोकी आत जातात आणि वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात, कारण ती पत्रं लावायची, आम्लविरहित फोल्डरमध्ये घालायची, नोंदी करायच्या, स्कॅन करायची, ह्या सगळ्याला माणूस लागतो आणि पैसा लागतो. ट्रेनिंग घेतलेला ग्रंथपाल त्याच बैठकीत प्रेमाने सांगतो की आजी, हे लोकांपर्यंत पोचवायला इतका खर्च येईल, तुमच्या घरच्यांना त्यात काही करता येईल का? हे वाक्य तोंडातून निघायला फार जड जातं हो, त्याची प्रॅक्टिसच करावी लागते, समोर कोणाला तरी बसवून.

ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. हॉवर्ड विद्यापीठात 1930 पासून 1973 पर्यंत त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा संग्रह उभा केला, हातात बजेट अगदी थोडं, म्हणून लोकांना मागून मागून पुस्तकं, कागद जमवले. आज तो मूरलँड-स्पिंगार्न संग्रह म्हणून जगभरातले अभ्यासक वापरतात. पण प्रत्येक लायब्ररीला डोरोथी पोर्टर मिळत नाही ना, म्हणून ही कला शिकवता यायला हवी.

2002 पासून एचबीसीयू लायब्ररी अलायन्स ही ह्या लायब्रऱ्यांची स्वतःची संघटना आहे, त्यामुळे एकमेकांकडून शिकायची सोय झाली. माझं एकच म्हणणं आहे, अशा ट्रेनिंगला ग्रंथपालाला एकटं पाठवू नका, विद्यापीठाच्या देणगी विभागातला माणूस सोबत पाठवा, कारण मोठ्या देणगीदाराला कोणी आणि कशासाठी भेटायचं हे बहुतेक वेळा तोच विभाग ठरवतो, आणि त्या यादीत लायब्ररी नसेल तर ग्रंथपाल कितीही छान बोलायला शिकला तरी त्याला भेटीची वेळच मिळणार नाही.