सरकारी रान आणि आपण

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीत किंवा फोंड्यात आज सकाळी तुम्ही नळ सोडला असेल, तर ते पाणी बहुधा ओप्याच्या जलप्रकल्पातून आलेलं आहे. ओप्याला ते खांडेपार नदीतून उचलतात आणि खांडेपारला ते येतं दूधसागरकडून, मोले-कुळ्याच्या जंगलातून. मडगावकडचं पाणी साळावली धरणाचं, आणि त्या धरणाच्या पाठीशी नेत्रावळीचं रान आहे. चार महिने कोसळणारा पाऊस हे डोंगर पोटात धरतात आणि पुढं उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांवाटे थोडा थोडा सोडत राहतात. ही बहुतेक रानं सरकारी. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातलं सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास सरकारी वन आहे, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. त्याचा कारभार राज्याचं वन खातं पाहतं. त्याशिवाय खाजगी वनं आहेत. त्यांची मोजदाद किती समित्या येऊन गेल्या तरी वादातच राहिली आहे, तो विषय आज सोडून देऊ.

अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यान मिळून ७५५ चौरस किलोमीटर भरतात. मोले, खोतीगाव, बोंडला, चोडणचं पक्षी अभयारण्य, आणि म्हादई व नेत्रावळी. शेवटची दोन १९९९ साली जाहीर झाली. त्या वेळी गोव्यात राष्ट्रपती राजवट होती आणि लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब राज्यपाल होते. निवडून आलेलं सरकार असतं, तर चारशेहून अधिक चौरस किलोमीटर डोंगर एका फटक्यात अभयारण्यात गेले असते का? मला शंका आहे. ते झालं म्हणून सत्तरी आणि सांगे या तालुक्यांतले कितीतरी डोंगर खाणींपासून वाचले. पण त्या घाईची दुसरी बाजूही आहे. त्या रानात गावं होती, कुळागरं म्हणजे माड-पोफळीच्या बागा होत्या, काजूच्या बागा होत्या, गुरांच्या वाटा होत्या. कायद्याप्रमाणे अशा लोकांचे हक्क तपासून, ठरवून द्यायला हवेत. अधिसूचना काढायला एक सही पुरली. हक्क ठरवायचं काम मात्र वर्षानुवर्षं रेंगाळत राहिलं.

गोव्यात जमिनीचे प्रकार थोडे नाहीत. कोमुनिदाद म्हणजे गावकीची सामाईक जमीन आहे, पोर्तुगीज काळात सरकारनं दिलेल्या आल्वारा आणि आफ्रामेंत जमिनी आहेत, सत्तरीत मोकासो म्हणजे इनामाची जमीन आहे. एखाद्या कुटुंबाचे आजोबा ज्या डोंगरावर काजू राखत आले, त्याच डोंगराच्या एक-चौदाच्या, म्हणजे सातबाऱ्यासारख्या, उताऱ्यावर सरकारचं नाव असतं. वनरक्षक येऊन विचारतो, तुम्ही इथं कसे? तो माणूस म्हणतो, तुम्ही कधी आलात? दोघांचंही आपापल्या परीनं खरं असतं. या भांडणाचा निकाल लावायला संसदेनं २००६ साली वनहक्क कायदा केला.

हा कायदा जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ती जमीन आपण कसतो, तिच्यावर आपलं पोट आहे, हे दाखवावं लागतं. गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ पासून हा दर्जा आहे. धनगर गवळी समाजाला तो नाही. त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो आणि त्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. २००५ मधून पंचाहत्तर वजा करा. आपण १९३० वर येतो. तेव्हा इथं पोर्तुगीज राज्य होतं. गुरांमागं डोंगर चढणाऱ्या, कुडाच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाकडे १९३० चा कुठला कागद सापडायचा? सापडलाच तर तो पोर्तुगीज भाषेत. तो वाचणारा माणूस शोधायला पणजी गाठावी लागेल.

पण नियम वाचले तर वाट निघते. नुसता कागदच हवा, असं नियमांत कुठंही नाही. गावातल्या जाणत्या माणसाचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं. जुनी विहीर, घराचं जोतं, स्मशान, देवस्थान हेही पुरावे आहेत. अशा दोन गोष्टी जुळल्या तर दावा उभा राहतो. दावा पहिल्यांदा तपासायचा कुणी, तर ग्रामसभेनं. तिच्या वनहक्क समितीनं जागेवर जाऊन पाहायचं, ग्रामसभेनं ठराव करायचा, आणि मग तो उपविभागीय समितीकडे आणि जिल्हा समितीकडे जातो. हक्क मिळाला तर तो कमाल चार हेक्टरचा. ती जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. रान तुकड्या-तुकड्यांनी बिल्डरच्या हाती जाईल, अशी भीती घालणाऱ्यांनी हे शेवटचं कलम वाचलेलं नसतं, किंवा वाचूनही ते सांगत नाहीत.

सत्तरीत जानेवारी २०२० मध्ये गोळावली गावाजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषबाधा. गुरं मारली गेल्याच्या रागातून हे घडलं, असं तपासात पुढं आलं. त्याचं समर्थन कुणी करणार नाही. पण वाघानं गाय मारल्यावर भरपाई किती दिवसांत मिळते, आणि त्या माणसाला स्वतःच्या गोठ्याची जागा तरी आपली वाटते का, हे विचारल्याशिवाय त्या प्रकरणातून शिकण्यासारखं फारसं उरत नाही. पुढं जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. माझं मत विचाराल, तर वाघ आणि माणूस यांतलं एक निवडा, असा हा प्रश्न मांडणंच चुकीचं आहे. हक्काचा कागद हातात असलेला शेतकरी वन खात्याला वाघाची खबर देतो. कागद नसलेला ती लपवतो.

आगीचंही तसंच. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात इतक्या ठिकाणी आगी लागल्या, की हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं पाणी आणून ओतावं लागलं. सत्तरीत काजूचा हंगाम आणि वणव्याचा हंगाम एकच. बोंडू दिसावेत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची जुनी सवय आहे, आणि वारा फिरला की ती आग कुणाचं ऐकत नाही. आग पसरू नये म्हणून जाळरेषा वन खातं काढतं, पण त्या डोंगराची खडा न् खडा माहिती असते ती तिथंच राबणाऱ्या माणसाला. सरकारी काजूच्या बागा वन विकास महामंडळ लिलावानं देतं. लिलावाच्या अटींत आगीची राखण ठळकपणे असावी आणि ती पाळणाऱ्याला पुढच्या वर्षी त्याचा काही फायदा मिळावा, एवढं तर करता येईल.

आणखी एक. रानाचा राखणदार सरकार आहे, तसं रान देऊन टाकणारंही सरकारच असतं. मोल्यातून रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्गाचं रुंदीकरण आणि गोवा-तमनार प्रकल्पाची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प २०२० मध्ये एकदमच चर्चेत आले. गावागावांतून माणसं उभी राहिली, विद्यार्थी उभे राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. जळणाच्या मोळीवरून बाईला अडवणारं खातं अशा वेळी गप्प का असतं, हा प्रश्न सत्तरीत आणि सांगेत मी वारंवार ऐकला आहे. उत्तर साधं आहे. खातं सरकारच्या हाताखाली असतं. म्हणून मंजुरीचे कागद मागवणं, हरकती नोंदवणं, हे काम लोकांवरच येतं.

खेड्यातल्या श्रोत्यांनी पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारावं: आपल्या गावात वनहक्क समिती स्थापन झाली आहे का, तिच्याकडे दावे किती आले, आणि त्यांतले किती जिल्हा समितीपर्यंत पोचले? उत्तर तोंडी आलं तर ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. पणजीच्या, मडगावच्या श्रोत्यांना ग्रामसभा नाही, पण आमदार आहे. पाण्याची तक्रार घेऊन त्याच्याकडे जाल तेव्हा त्या पाण्याच्या माथ्यावरच्या रानाविषयीही विचारा.

नमस्कार.