वास कधी येतो, ते आधी सांगा

(ठाण्यात जुन्या गाड्या चालवणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, लिहून काढताना थोडं आवरून.)

मंडळी, "पेट्रोलचा वास येतोय" असं म्हणत गॅरेजमध्ये कुणी चावी पुढे केली, की माझा पहिला प्रश्न असतो, कधी येतो? मालकांना तो फालतू वाटतो. त्यांना बोनेट उघडायची घाई असते. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती खाली बसते, वाऱ्याबरोबर सरकते. शिवाय एसीचा ब्लोअर हवा ओढतो ती पुढच्या काचेखालच्या जाळीतून, त्यामुळे इंजिनवर थोडंसं झिरपलं तरी वास येतो डॅशबोर्डमधून. कुठून गळतंय, हे नाक नीट सांगू शकत नाही. कधी गळतंय, ते सांगतं.

टाकी फुल्ल केल्यावर दोन दिवस वास आणि मग गायब, असं असेल तर इंजिनकडे बघूच नका. गळती टाकीच्या वरच्या अंगाला आहे. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतची रबरी नळी, वाफेच्या बारीक नळ्या, किंवा पंपाच्या झाकणाखालचं सील. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की ते झाकण समोर येतं. आणि पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही "राउंड फिगर करा" म्हणायची आपली सवय! ते वरचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जातं. कॅनिस्टर वाफ शोषायला केलेला असतो, पेट्रोल प्यायला नाही. मग गळती नसतानाही गाडी वास मारत राहते.

सकाळी पहिल्या सेल्फला वास आणि गाडी तापल्यावर बंद, हे दुखणं वेगळं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी. तिच्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, वर्षानुवर्षं उष्णता खाऊन कडक होतात. थंडपणी आकसतात, तेवढ्यात पेट्रोल झिरपतं. इंजिन तापलं की फुगून पुन्हा बसतात. मालक गाडी घेऊन येईपर्यंत सगळं ठीकठाक. अशी गाडी मी रात्रभर ठेवून घेतो.

तिसरा प्रकार मला सगळ्यात नकोसा. घोडबंदरच्या गर्दीत तासभर रखडून आलात, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी लावली आणि आता वास येतोय. इंजिन बंद केल्यावर काही वेळ बोनेटखालची उष्णता उलट वाढते, लायनीत दाब अजून शिल्लक असतो आणि बेसमेंटमध्ये वाफेला जायला वाट नसते. अशा वेळी सेल्फ मारून "बघू या" म्हणू नका. गाडी ढकलत मोकळ्यावर आणा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपाचा दाब पाव बारच्या आसपास. इंजेक्शनमध्ये तो साधारण तीन बार, म्हणजे दहापट. १९९८ साली आलेल्या सँट्रोपासून पुढच्या कितीतरी गाड्या अशाच आहेत. पूर्वी जो सांधा नुसता ओला दिसायचा, तो इथे फवारा मारतो. तरी दुकानात "पेट्रोलचा पाइप द्या" म्हटलं की कार्ब्युरेटरचाच पाइप हातात पडतो. पाइपावर छापलेलं वाचा. ३०आर९ असेल तर तो इंजेक्शनच्या दाबाचा. ३०आर६, ३०आर७ कमी दाबाचे. क्लिपही बघा. खाचा आरपार कापलेली पट्टी आवळली की रबरात रुतते. इंजेक्शनसाठी गुळगुळीत, कडा वळवलेली क्लिप मिळते, ती घ्या.

आता शोधायचं कसं? उन्हात पेट्रोल थेंब पडायच्या आधीच उडतं, म्हणून दुपारी जमीन कोरडी दिसते. मी ओल शोधतच नाही, स्वच्छ जागा शोधतो. जुन्या इंजिनवर सगळीकडे तेलकट धूळ असते. त्यात एखादा सांधा नव्यासारखा चकचकीत दिसला आणि त्याच्याखाली एक धुतलेली रेघ उतरलेली असली, की समजायचं, पेट्रोलने धुतलंय. म्हणूनच गाडी दाखवायला आणताना इंजिन धुऊन आणू नका, पुरावा वाहून जातो. गाडीखालचा फिल्टर जरूर बघा. त्याच्या बोल्टला दोन कॉपर वॉशर असतात. ते आवळताना चेपूनच सील करतात, त्यामुळे एकदाच वापरायचे. फिल्टर बदलला आणि जुनेच वॉशर घातले, तर आठवड्याभरात तिथे तो चकचकीत ठिपका दिसेल.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी. खाडीची खारट हवा आणि पावसाळ्यातला चिखल गाडीखालचे लोखंडी पाइप खातो, तेही नेमका क्लॅम्पखाली, जिथे नजर जात नाही. आणि उंदीर. वाशी-तुर्भ्याच्या गाड्यांमध्ये कुरतडलेल्या नळ्या मला नवीन नाहीत. त्यात आता पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर आणि सील त्याला धरून केलेले आहेत. पंधरा वर्षं झालेल्या, आरटीओत पुन्हा पासिंग केलेल्या एमएच ०४ किंवा एमएच ४३ च्या गाडीचं तसं नाही. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. पाइप बोटात वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या, तर गळायची वाट बघू नका.

डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो? मग प्रेशर गेज लावा. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो. काटा चढून तिथेच टिकला पाहिजे. उतरत असेल तर पुन्हा चावी ऑन करा आणि पंप थांबताच टाकीकडून येणारी रबरी नळी गुळगुळीत चिमट्याने दाबा. काटा थांबला, तर दोष पंपाच्या वाल्वचा किंवा टाकीतल्या लायनीचा. उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी दाबल्यावर थांबला, तर रेग्युलेटरचा, म्हणजे लायनीतला दाब सांभाळणाऱ्या भागाचा. रेग्युलेटरची व्हॅक्युमची नळी काढून बघा. आत पेट्रोल आढळलं तर रेग्युलेटरमधला रबरी पडदा फाटलाय. कशानेच थांबला नाही, तर एखादा इंजेक्टर आत ठिबकतोय. डिपस्टिकच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो का बघा. येत असेल, तर गाडी चालवू नका, ऑइल पातळ झालेलं असतं. प्लास्टिकची नळी मात्र चिमट्यात धरू नका, तडकेल.

हे सगळं उघड्यावर. लायनी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. पण डोळ्यांना गळती दिसत असेल तर इंजिन चालवूच नका. तिथे बॅटरी आधी सोडायची आणि सांध्यावर फडकं गुंडाळून दाब हळूहळू काढायचा. वायरला लटकवलेला काचेचा दिवा तर गॅरेजमधून हद्दपारच करा. पेट्रोल उणे ४० अंशालासुद्धा पेटण्याइतकी वाफ सोडतं, फुटलेल्या बल्बची तार तेवढी पुरते. पावडरचं अग्निशामक हाताशी हवं. पाण्याची बादली नव्हे, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

मागून प्रश्न आलाय, "गाडी सीएनजीवरच चालते, मग पेट्रोलची काळजी कशाला?" ताई, अनेक किटांमध्ये सीएनजीवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरतच असतो. लायनीत दाब आहे, म्हणजे गळतीही होऊ शकते. शिवाय सीएनजीवाले टाकीत दोन लिटर ठेवतात. पंप थंड राहतो तो पेट्रोलमुळेच, म्हणून पाव टाकी तरी ठेवा. सीएनजीचा वास निराळा, सडक्यासारखा. तिथे दाब २०० बारपर्यंत असतो. ते काम मान्यताप्राप्त किटवाल्याचं, माझं नाही आणि तुमचंही नाही.

आणि तुमचा प्रश्न, काका, वास येत असताना गाडी गॅरेजपर्यंत चालवत आणावी का? टाकी फुल्ल केल्यानंतरचा हलका वास असेल, तर काचा उघड्या ठेवून या. बोनेटखाली थेंब दिसला, तर फोन करा, मी टोइंगची गाडी पाठवतो.